पांढरी वायर

महाराष्ट्रात मोटारसायकल एका गावाहून दुसऱ्या गावी न्यायची झाली तर फारसा विचार करावा लागत नाही. तिच्यावर बसायचं आणि निघायचं. बंद पडली असेल तर छोटा हत्ती बोलवायचा. टाटांनी २००५ साली ही गाडी ‘एस’ नावाने बाजारात आणली, पण ते नाव गाडीच्या मागच्या फाळक्यावरच राहिलं. टेम्पोवाला येतो, फळी लावतो, “धरा हो जरा” म्हणून रस्त्याने निमूट चाललेल्या दोघांना कामाला लावतो आणि सुंभाच्या दोरीने मोटारसायकल अशी आवळतो की पुढच्या गावी ती सोडवायला कोयताच लागावा. रेल्वेने पाठवायची असेल तर पार्सल ऑफिसच्या बाहेर गोणपाटवाले बसलेलेच असतात. ते टाकीतलं पेट्रोल काढून घेतात (ते पुढे कुठे जातं हे विचारायची पद्धत नाही), गाडीला आरशापासून मडगार्डपर्यंत गोणपाटात शिवतात आणि वर ठसठशीत अक्षरांत स्टेशनचं नाव घालतात. या सगळ्या कारभारात मालकाकडे एकच काम असतं. बाजूला उभं राहून “जपून, जपून” म्हणायचं.

अमेरिकेतल्या मालकाला हे सुख नाही. तिथे वस्तू स्वस्त आणि हात महाग. त्यामुळे पुण्यात ज्याने आयुष्यात सायकलचं पंक्चर स्वतः काढलं नाही, तो तिकडे गेल्यावर नळ बदलतो, भिंती रंगवतो, छपरावर चढतो. घराला जोडून गराज असतं आणि गराजमध्ये शिरलेला मराठी माणूस बाहेर येतो तो फिटर होऊनच. बायको आतून जेवायला हाक मारते तेव्हा “आलोच, एवढा एक बोल्ट” असं उत्तर येतं. तो एक बोल्ट संध्याकाळपर्यंत चालतो.

ओहायोत कोलंबसजवळ राहणारे आमचे एक स्नेही अशाच रीतीने ट्रेलरपर्यंत पोचले. पेशाने सॉफ्टवेअरवाले. हाताखाली सर्व्हर पुष्कळ, पण पाना हातात धरण्याचा सराव अलीकडचा. कारण झालं त्यांच्या वडिलांची बुलेट. काका दापोडीच्या एसटी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले; त्यांची साडेतीनशे सीसीची बुलेट, जुन्या तीन अक्षरी नंबराची, उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक असलेली. अमेरिकेत सत्तरच्या दशकापासून मोटारसायकलचा गिअर डावीकडेच हवा असा नियम आहे, पण गाडी पंचवीस वर्षांहून जुनी असली की सुरक्षेच्या त्या नियमांतून तिला सूट मिळते. त्या सुटीचा फायदा घेऊन मुलाने वडिलांची बुलेट कंटेनरमध्ये घालून ओहायोला आणली. काका नंतर विमानाने आले. गाडीचा प्रवास जास्त आरामात झाला असं त्यांचं मत आहे.

आता ओहायोत जुन्या मोटारसायकलींची पंढरी म्हणावी असा एक मेळा भरतो. लेक्सिंग्टन गावाजवळ मिड-ओहायो नावाचा शर्यतीचा ट्रॅक आहे, तिथे उन्हाळ्यात अमेरिकन मोटारसायकलिस्ट असोसिएशनचे व्हिंटेज मोटारसायकल डेज असतात. बुलेट तिथे न्यायचीच, असं बापलेकांचं ठरलं. मतभेद झाला तो कशी न्यायची यावर.

“चालवत ने की,” काका म्हणाले. “मी हिच्यावरून महाबळेश्वरला गेलोय. डबलसीट.”

मुलाने समजावलं की वाटेत इंटरस्टेट एकाहत्तर लागतो आणि त्यावर ताशी सत्तरची मर्यादा आहे. काका म्हणाले, मग काय झालं, बुलेटलाही सत्तरच आवडतं. अडचण एवढीच होती की बुलेटचे सत्तर किलोमीटर होते आणि रस्त्याचे सत्तर मैल. मधल्या फरकात मागून अठरा चाकांचे ट्रक येतात.

वहिनींचा प्रश्न त्याहून सरळ होता. “यू-हॉलकडे मोटारसायकलचा ट्रेलर भाड्याने मिळतो ना?” मिळतो. खरोखर मिळतो, जोडलेला, वायरिंग केलेला, पुढचं चाक अडकवायच्या खाचेसकट, आणि एका दिवसाचं भाडं दोघांच्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा कमी असतं. पण ज्या माणसाच्या मनात ट्रेलर घेण्याचं आलं आहे त्याला भाड्याचा दर सांगणं म्हणजे वर्‍हाडाला खानावळीचा पत्ता देणं. “भाड्याचं ते भाड्याचं,” एवढं बोलून आमचे स्नेही चार बाय आठ फुटांचा घडीचा ट्रेलर घेऊन आले.

‘घेऊन आले’ हे शब्द जरा जपून वाचावेत. त्यांनी आणली ती दोन जड खोकी आणि बोल्टांच्या पिशव्या. ट्रेलर त्यातून आपण काढायचा असतो. सोबतच्या पुस्तिकेत एक चित्र होतं, त्यात सगळे सुटे भाग हवेत तरंगत होते आणि प्रत्येकाला एकेक बाण. जोडणीचा सगळा जोर एका सूचनेवर होता: नट शेवटपर्यंत पुरते आवळू नका. हे नट नायलॉनचं कडं असलेले असतात, एकदा बसले की सहज हलत नाहीत. सगळी चौकट सैल उभी करायची, टेपने दोन्ही कर्ण मोजायचे, ते सारखे आले की चौकट काटकोनात आहे असं समजायचं आणि मगच आवळायचं. चार बाय आठ फुटांच्या चौकटीचा कर्ण १०७ इंचांच्या किंचित वर येतो. दहावीनंतर पायथागोरसची गाठ पुन्हा पडेल असं आमच्या स्नेह्यांना वाटलं नव्हतं. काकांनी टेप घेतलाच नाही. एक डोळा मिटून चौकटीकडे पाहिलं आणि म्हणाले, “डाव्या कोपऱ्यात पाव इंच.” मोजलं. पाव इंच.

या टप्प्यावर माझी नेमणूक झाली ती बॅटरी धरण्यासाठी. घरच्या कोणत्याही दुरुस्तीत एक जण काम करतो आणि एक जण बॅटरी धरतो. काम करणाऱ्याला वाटतं, उजेड नेमका तिथेच सोडून सगळीकडे पडतोय. बॅटरी धरणाऱ्याला मात्र सगळं नीट दिसत असतं, आणि त्याने बोलायचं नसतं. हा लेख त्या मुक्या जागेवरून लिहिला आहे.

चाकांचं काम काकांनी कोणाला करू दिलं नाही. नव्या ट्रेलरच्या बेअरिंगला कारखान्यातून लावलेलं ग्रीस कधी कधी नुसतं गंज येऊ नये एवढ्यापुरतंच असतं, म्हणून जाणकार ते पुसून नवं भरतात. काकांनी डाव्या तळहातावर ग्रीसचा लिंबाएवढा गोळा घेतला, उजव्या हातात बेअरिंग धरलं आणि त्याची कड गोळ्यात दाबत दाबत, वरून रोलरांच्या फटींतून ग्रीस डोकावेपर्यंत, ते गोल फिरवलं. भरल्या वांग्यात मसाला दाबावा तसं. मग हब बसवून, नट आवळून, चाक गरगर फिरवून, नट पुन्हा ढिला करून, शेवटी नुसत्या बोटांनी लागेल तेवढा लावून स्प्लिट पिन घातली. मुलाने विचारलं, “बाबा, टॉर्क किती?” काकांनी स्वतःचा अंगठा दाखवला.

हे सगळं लोखंडी काम. लोखंड सरळ असतं: बोल्ट बसला तर बसला, नाही तर डोळ्यांना दिसतं. गोळ्याचंच घ्या. गाडीच्या मागे जो गोळा असतो, ज्यावर ट्रेलरचं तोंड बसतं, तो पावणेदोन इंचांच्या थोडा पुढे, म्हणजे एक पूर्णांक सात अष्टमांश, नाही तर पुरा दोन इंच. दुकानात शेजारी ठेवले तर जुळे वाटतात. पण दोन इंची तोंड लहान गोळ्यावर ठेवलं तर ते आनंदाने बसतं, कडी लागते, सगळं छान दिसतं आणि पहिल्याच मोठ्या खड्ड्याला ट्रेलर स्वतःच्या वाटेने निघतो. म्हणून माप गोळ्यावर कोरलेलं असतं, ते वाचायचं. शिवाय दोन साखळ्या असतात, त्या तोंडाखालून फुलीच्या आकारात अडकवायच्या, म्हणजे तोंड निसटलंच तर रस्त्यावर न पडता साखळीच्या झोळीत पडतं. एवढं केलं की लोखंड आपली फसवणूक करत नाही.

वजनाचंही तसंच. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनापैकी दहा ते पंधरा टक्के भार पुढे तोंडावर आला पाहिजे. त्याहून कमी आला तर वेगात ट्रेलर शेपूट हलवायला लागतो, आणि शेपटाने सगळी गाडी हलते. हा भार मोजायला न्हाणीघरातला वजनकाटा चालतो. वहिनींचा काटा गराजमध्ये गेला, त्यावर लाकडाचा ठोकळा ठेवून ट्रेलरचं तोंड टेकवलं, बुलेट इंच-दोन इंच पुढेमागे सरकवून आकडा जमवला. काटा ग्रीस लागून घरात परतला. तेव्हापासून त्या घरात कोणाचंही वजन वाढलं की दोष ग्रीसला जातो.

आणि मग आली वीज.

ट्रेलरचे दिवे म्हणजे चार वायरी. पांढरी, तपकिरी, पिवळी, हिरवी. त्यांची चपटी पिन गाडीच्या पिनेत बसते, आणि ती उलटी बसूच नये म्हणून एक टोक उघडं, तीन झाकलेली, अशी खुबीदार रचना असते. तपकिरीवर मागचे साधे दिवे, पिवळीवर डावं वळण आणि ब्रेक, हिरवीवर उजवं वळण आणि ब्रेक. पांढरी अर्थिंगची.

“थांब,” काका म्हणाले. “अर्थिंग हिरवी असते.”

“बाबा, ट्रेलरमध्ये पांढरी असते.”

“घराच्या वायरिंगमध्ये हिरवी. कुठेही जा.”

ते बरोबरच बोलत होते. भारतातल्या घरात अर्थिंग हिरवी, अमेरिकेतल्या घरातही हिरवीच. फक्त घराच्या बाहेर उभ्या असलेल्या ट्रेलरमध्ये हिरवी म्हणजे उजवीकडे वळणे. ज्याने हे ठरवलं त्याच्याशी काकांना दोन शब्द बोलायचे आहेत.

दुसरी भानगड गाडीच्या बाजूला होती. अनेक अमेरिकी गाड्या ब्रेक आणि वळण एकाच लाल दिव्यात उरकतात. ब्रेक दाबलेला असताना वळणाचा दांडा ओढला की तोच लाल दिवा उघडझाप करतो. आमच्या स्नेह्यांच्या जपानी मिनिव्हॅनमध्ये मात्र वळणाचा दिवा वेगळा, पिवळा. म्हणजे गाडीकडून तीन निरोप येणार आणि ट्रेलरकडे ऐकायला दोनच वायरी. त्यासाठी मध्ये एक काळी डबी बसवतात, कन्व्हर्टर. ती ब्रेक आणि इंडिकेटर यांचा निरोप एकत्र करून ट्रेलरला समजेल असा पुढे पाठवते. सासूचं बोलणं सुनेला सांगणारी मोलकरीण म्हणा हवं तर, असं वहिनी म्हणाल्या. काका तेव्हा शेजारीच उभे होते, त्यामुळे चर्चा पुढे गेली नाही.

वायर सोलायला काकांनी सवयीने ती दाताखाली धरली. मुलाने घाईने सोलणी पुढे केली. जोड मारायला निळे टोपीवाले क्लिप मिळतात; वायर न कापता दाबून बसतात आणि दोन मिनिटांत काम होतं. ते घेऊ नका असं प्रत्येक शहाणा माणूस सांगतो, कारण ओहायोत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते मीठ त्या क्लिपमध्ये शिरून तांब्याला हिरवं करून टाकतं. आमच्या स्नेह्यांनी गरम केल्यावर आवळणाऱ्या नळीचे जोड घेतले. सगळं सुबक झालं. प्लायवूडची पाऊण इंची फळीही वर बसली. चार बाय आठची शीट घडीच्या जागी एकदाच कापली की तंतोतंत मावते, हा या ट्रेलरचा मोठा गुण. मागे दिवे बसले. त्यातही डावा-उजवा भेद असतो: डाव्या दिव्याच्या पोटाला एक पांढरी खिडकी असते, तिच्यातून नंबरप्लेटवर उजेड पडतो. तिकडे ट्रेलरलाही नंबरप्लेट लागते. ओहायोतलं जे आरटीओ आहे त्याला बीएमव्ही म्हणतात, तिथे कारखान्याकडून मिळालेला ट्रेलरचा जन्मदाखला घेऊन जायचं. इंजिन नसलेल्या वस्तूला नंबर कशाला, असं काकांनी विचारलं खरं, पण मग स्वतःच म्हणाले, “बैलगाडीलासुद्धा ग्रामपंचायतीचा बिल्ला असायचा.”

दिवे तपासणं हा कौटुंबिक कार्यक्रम असतो. मुलगा गाडीत बसला, बाकीचे मागे उभे राहिले.

“लागला का?”

“लागला!”

“कुठला?”

“लाल!”

“सगळे लालच आहेत! डावा का?”

“तुझा डावा की आमचा?”

“गाडीचा!”

“गाडीचा तर दोन्हीकडे लागतोय!”

तोच खरा प्रश्न होता. डावा इंडिकेटर दिला की दोन्ही दिवे मंद मंद उघडझाप करायचे. उजवा दिला की उजवा नीट. हेडलाइट लावून ब्रेक दाबला की उजवा झगझगीत पेटायचा आणि डावा होता तोही विझायचा. हेडलाइट बंद केला की डावा पुन्हा अर्धवट जिवंत. आमच्या स्नेह्यांचं आयुष्य अशाच प्रश्नांत गेलेलं, फक्त ते प्रश्न सर्व्हरचे होते. त्यांनी बल्ब बदलले. डावा-उजवा अदलाबदल करून पाहिली. काळ्या डबीवर संशय घेतला, ती काढून पुन्हा लावली. सॉफ्टवेअरमधला हमखास उपाय म्हणून गाडी बंद करून पुन्हा चालू केली. काकांनी खिशातून टेस्टर काढला. पुण्याहून आणलेला, पिवळ्या मुठीचा, आत निऑनचा दिवा. तो सगळीकडे टेकवला आणि म्हणाले, “करंटच नाही.” करंट होता, पण निऑनचा दिवा पेटायला भरपूर व्होल्ट लागतात, बारा व्होल्टची तो दखलही घेत नाही. दोनशे तीसवर वाढलेला टेस्टर तो.

शेजारी एक निवृत्त अमेरिकी गृहस्थ राहतात. पिकअप ट्रक, गराजमध्ये फ्रीज, आणि रस्त्याने जाताना दुसऱ्याच्या गराजमध्ये डोकावण्याचा मोकळा स्वभाव. आवाज ऐकून ते आले, खिशात हात घालून दिव्यांची उघडझाप जरा वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “ग्राउंड.”

त्याच वेळी ट्रेलरखाली वाकलेले काका म्हणाले, “अर्थिंग गेलंय.”

दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. मुलाला दोन्ही येत होत्या, तरी तो म्हणाला, “पण पांढरी वायर तर जोडली आहे मी.”

जोडली होती, रंगावर. ट्रेलर कारखान्यातून येतो तो वर भट्टीतल्या रंगाचा जाड थर घेऊन, आणि रंगातून वीज जात नाही. दिव्याचं अर्थिंग दिव्याच्या बोल्टमधून ट्रेलरच्या लोखंडात आणि लोखंडातून पुढे तोंडाजवळच्या पांढऱ्या वायरीत जावं अशी अपेक्षा असते. उजव्या दिव्याचा बोल्ट बसवताना भोकाजवळचा रंग खरवडला गेला होता. डाव्याचा बोल्ट नीटनेटका बसला होता, म्हणजे विजेच्या दृष्टीने बसलाच नव्हता. मग डाव्या इंडिकेटरचा करंट पिवळ्या वायरीने बल्बात यायचा, पांढऱ्याची वाट बंद पाहून त्याच बल्बातल्या दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा तपकिरी वायरीत शिरायचा आणि उजव्या दिव्यातून जाऊन तिकडच्या अर्थिंगने घरी पोचायचा. जाता जाता दोन्ही दिवे थोडे थोडे लावून जायचा. हेडलाइट लावला की तपकिरीतही बारा व्होल्ट, पिवळीतही बारा. दोन्हीकडून सारखाच जोर, त्यामुळे करंट जागच्या जागी अडकायचा आणि दिवा काळाठिक्कर. विजेच्या बाजूने पाहिलं तर सगळं तर्कशुद्ध होतं. वीज कधी वाट चुकत नाही, आपण दिलेली वाट वाटच नसते एवढंच.

काकांनी कानस घेतली. बोल्टभोवती लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, खाली दातेरी वॉशर टाकला. शेजाऱ्यांनी घरून वायरीचं भेंडोळं आणलं, कारण त्यांचा मुद्दा वेगळा होता आणि तोही खरा होता. हा ट्रेलर मधोमध दुमडतो आणि घडी करून गराजच्या भिंतीला उभा राहतो. म्हणजे मागच्या अर्ध्या भागातलं अर्थिंग पुढे येतं ते बिजागरीच्या बोल्टांतून. बिजागरी आज नवी आहे, उद्या मिठाने गंजेल. म्हणून लोखंडावर विसंबायचं नाही, दोन्ही दिव्यांपर्यंत स्वतंत्र पांढरी वायर न्यायची. हे त्यांनी काकांना खुणांनी सांगितलं. काकांनी मान डोलावली आणि हात पुढे केला, पक्कड मागण्यासाठी. मुलगा मध्ये दुभाषा म्हणून उभा होता, त्याला दोघांनी बाजूला व्हायला सांगितलं. मला बॅटरी जरा वर धरायला सांगितलं. दिवे लागले, ज्याचा त्याचा, ज्या त्या वेळी. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा दोघं म्हातारे एकमेकांना आपापल्या भाषेत आजकालच्या पोरांबद्दल काहीतरी सांगत होते आणि दोघांनाही सगळं कळत होतं.

बुलेट चढवण्याचा प्रसंग एवढा मोठा नव्हता. उतरती फळी, पुढे चाक अडकवायची खाच, चार रॅचेटचे पट्टे. पट्टा हँडलच्या खाली, फोर्कच्या जाड लोखंडाला मऊ फास घालून ओढायचा, पुढचं सस्पेन्शन साधारण अर्धं दबेपर्यंत; गाडी गिअरमध्ये, साइड स्टँड वर. रॅचेट आवळणं कोणालाही जमतं. तो सुटतो कसा, हे मात्र ज्याचं त्याला शोधावं लागतं, आणि सापडलं की पुढच्या वेळेपर्यंत विसरलेलं असतं. काकांनी सुंभाची दोरी सुचवली. मुलाने नाही म्हटलं. काका काही बोलले नाहीत, पण आरशाजवळ एक गाठ त्यांनी मारलीच, टेम्पोवाल्यांची, जी ओढली की आवळते आणि एका झटक्यात सुटते.

खरा विनोद नंतर, ट्रेलर मागे घेताना झाला. ट्रेलर मागे घेताना स्टेअरिंग उलटं फिरवावं लागतं: ट्रेलर डावीकडे न्यायचा तर गाडी आधी उजवीकडे. जाणकार सांगतात, हात स्टेअरिंगच्या तळाशी धरा, मग हात जिकडे न्याल तिकडे ट्रेलर जाईल. आणि ट्रेलर जितका लहान तितका जास्त हट्टी. लांबलचक कंटेनर हळूहळू वळतो, चार बाय आठचा हा पोरगा क्षणात काटकोनात उभा राहतो. सराव देवळाच्या रिकाम्या पार्किंगमध्ये झाला. मागे काका, फाळक्यावर थाप मारत: “येऊ दे, येऊ दे, येऊ दे, डावीकडे कट मार, येऊ दे...” एसटीच्या कित्येक बस ज्यांनी अशा आरोळीवर डेपोत लावल्या, त्यांना कोणीतरी आधी सांगायला हवं होतं की इथे डावीकडे म्हणजे उजवीकडे. शेवटी काकांनी उपाय काढला. ट्रेलर सोडवला, तोंडाला हात घातला आणि दोघांनी ढकलून जागेवर नेला. रिकामा ट्रेलर हलका असतो. लहान ट्रेलरचा हा फायदा कुठल्याच पुस्तिकेत नाही.

मेळ्याचं फार सांगत नाही. बुलेट भरपूर पाहिली गेली, उजवा गिअर पाहून जुन्या ट्रायम्फवाल्यांचे डोळे पाणावले, तेलाचा डाग पडला तो बघायलाही माणसं थांबली. तिथे अंगणभर ट्रेलर उभे होते आणि संध्याकाळी, निघायच्या वेळी, त्यांतल्या बऱ्याच ट्रेलरांच्या मागे कोणी ना कोणी उकिडवं बसून दिव्याच्या बोल्टशी झगडत होतं. काका कानस घेऊन फिरत राहिले. घरी परतायला उशीर झाला.

तेव्हापासून ट्रेलरवर बुलेट क्वचितच चढते. वसंत ऋतूत त्यावर बागेत टाकायचा लाकडाचा भुसा येतो, मग कोणाचा तरी आयकियाचा सोफा, कोणाचा जुना फ्रीज, आणि भाद्रपदात मंडळाच्या गणपतीचं मखर, ढोल आणि घडीच्या खुर्च्या. मखर बांधायला काकांची सुंभाची दोरी चालते. कोलंबसमधल्या मराठी माणसांत गाडी पाच-सात जणांची नवी झाली असेल, घरं बदलली असतील, पण ट्रेलर अजून एकाच्याच घरी आहे आणि त्याच्या शनिवारचा हिशोब वहिनी फ्रीजवरच्या कॅलेंडरवर ठेवतात.

तेव्हा नेणाऱ्यांना एवढीच विनंती. चारही पट्टे परत आणा, दोनच आणू नका. भुसा झाडून द्या. आपल्या गोळ्याचं माप घरून वाचून या. नेण्याआधी इंडिकेटर, ब्रेक आणि हेडलाइट तिन्ही एकदम लावून बघा, आणि दिवा मंद लागला तर बल्ब बदलायला धावू नका, पांढऱ्या वायरीखालचा रंग खरवडा. कानस गराजच्या दाराशी खिळ्याला टांगलेली आहे. तीसुद्धा परत टांगा.